पांढऱ्या मातीची दरी

माझा मामा, प्रोकोपी तारबुकिन, याने एकोणीस उन्हाळे भूगर्भवाल्यांचा तांडा हाकला. बर्फ वितळलं की ते लहान विमानातून आमच्या गावी, ऊरक्चानला उतरत. मग मामा चौदा रेनडिअरांवर त्यांचे तंबू, हातोडे आणि पिठाची पोती लादून त्यांना डोंगरात नेई. परतीच्या वाटेवर पीठ संपलेलं असे, तरी जनावरं जास्तच वाकलेली दिसत, कारण पोत्यांत आता दगड असत.

"जाताना खाणं नेतात, येताना डोंगर आणतात," मामा म्हणे. "वेडे आहेत, पण कामाला वाघ आहेत."

तो ठेंगणा होता. त्याचा डावा खांदा उतरलेला होता, आणि चालताना तो जिभेने टक् टक् असा आवाज करी, जनावरं जवळ नसली तरी. भूगर्भवाल्यांची एक सवय त्याला लागली होती. नवा दगड दिसला की तो चाटून बघायचा. घरी आला की उल्यानामामी चुलीपुढून न वळता विचारायची, "आज कुठला डोंगर जेवून आलात? रश्शाला जागा आहे ना पोटात?"

पहिल्या उन्हाळ्यापासून त्या तुकडीत ग्लेब नावाचा एक माणूस होता. तो शहरातून आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता; त्याची दाढी आमच्याच नद्यांवर पांढरी झाली. तो दगडांचं काम करी, आणि वहीच्या शेवटच्या पानांवर जनावरांच्या नोंदीही ठेवी. ससाण्याचं घरटं, अस्वलाची वाट, लांडग्याची पिल्लं, सगळं. त्याच्या संस्थेला दोन्ही हवं होतं, जमिनीखालचं आणि जमिनीवरचं.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात मामाने एक डोंगरमेंढा मारला आणि अख्खा ग्लेबच्या तंबूपुढे नेऊन ठेवला. आमच्यात मारणाऱ्याची शिकार त्याची नसते. तो ती दुसऱ्याच्या हाती देतो, आणि ज्याला मिळाली त्याने ती सगळ्यांत वाटायची. याला आम्ही निमात म्हणतो. दिल्यावर देणाऱ्याने तिकडे बघायचंसुद्धा नसतं. ग्लेबने मनापासून आभार मानले आणि मांस मीठ लावून पिंपात भरून ठेवलं. मामा दोन दिवस चहा आणि भाकरीवर राहिला. तिसऱ्या दिवशी तांड्यातल्या दुसऱ्या हाक्याने ग्लेबला बाजूला घेतलं. "साहेब, तुमच्या पिंपात आमचं जेवण आहे." ग्लेब कानापर्यंत लाल झाला. त्याने पिंप उपसलं, तंबूतंबूत वाटे नेऊन दिले आणि शेवटचा वाटा मामाला दिला.

त्यानंतर अठरा वर्षं त्याने कधी चूक केली नाही. आमच्यातल्या काही आळशी लोकांपेक्षा तो चांगला वाटायचा. म्हाताऱ्यांना मऊ तुकडे, पोरवड्या घराला जास्त. मामा कौतुकाने सांगायचा, "त्याचे हात आमच्यासारखे झालेत." इथेच मामा चुकला. मांस वाटणारे हात सगळंच वाटतील असं तो धरून चालला, आणि ही चूक फक्त आमचाच माणूस करू शकतो.

न्योल्का नदीच्या एका फाट्यावर पांढऱ्या मातीचा कडा आहे. हिवाळाभर खडकावरचं शेवाळ खरवडून हाडं उरलेल्या डोंगरमेंढ्या जूनमध्ये कोकरांसकट तिथे उतरतात आणि ती माती खातात. दीड महिना. मग वर, बर्फाच्या कडेला निघून जातात. त्या कड्यापाशी आमच्या कुणीही कधी बंदूक काढली नाही. माती खाणारं जनावर मान वर करत नाही. त्याला मारायला शिकारी लागत नाही. परक्याला ही जागा सांगायची नाही असंही ठरलेलं होतं, पण ते कधी कुणी ठरवलं नव्हतं.

चौदाव्या उन्हाळ्यात मामा ग्लेबला तिथे घेऊन गेला. दोघं दोन दिवस खडकाआड पालथे पडून होते. ग्लेबने त्रेचाळीस मोजल्या, कोकरं धरून. मेंढ्या गेल्यावर त्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मामा म्हणाला, "ही तुला दिली."

हे मला मामानेच सांगितलं, हवामान चौकीत माझ्यासमोर बसून, मिशीला दूध लावत चहा पिताना. मी त्या चौकीवर काम करते. दर तीन तासांनी पारा, वारा, ढग बघून वहीत लिहायचं. मी तेव्हा त्याला विचारलं होतं, "मामा, कशाला दाखवलीस?"

"अगं ग्रूशा, मेंढा देता येतो, तर मेंढ्यांची जागा का देता येऊ नये? आता ती सगळ्यांची झाली. तो सांभाळेल. म्हणालाय, तिथे संरक्षित क्षेत्र करायला लावतो. कागदावर शिक्का मारून."

मी त्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. वह्यांवर जग उभं आहे असं मला वाटायचं.

ग्लेबला त्या मातीत आणखी काही दिसलं होतं. खडक आपोआप कुजून पांढरी माती होत नाही. कधीतरी खालून तापलेलं पाणी वर आलं, त्याने खडक कुजवला आणि सोबत जे आणलं ते खालीच ठेवून ते निघून गेलं. पुढची पाच वर्षं ग्लेब त्या दरीतून नमुने घेत राहिला. पोती मामाच्याच जनावरांवर लादली जात. मेंढ्यांना काय आवडतं ते हा शोधतोय, असं मामा समजत होता.

शेवटच्या वर्षी, ऑगस्टमध्ये, कड्यासमोर शेकोटीपाशी बसून ग्लेबने एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं: बारा ऑगस्ट, पांढऱ्या मातीची दरी, डोंगरमेंढ्या शून्य, वाटाड्या हजर. मामाने वाचलं. खरं होतं. ऑगस्टमध्ये तिथे कधीच मेंढी नसते. त्याने सही केली.

हिवाळ्यात गावच्या क्लबात सभा भरली. जिल्ह्याहून आलेल्या माणसाने वाचून दाखवलं की दरीखाली कथील आहे, वसंतात भोकं पाडायचं काम सुरू होईल, आणि वन्यजीवांच्या अहवालात कोणतीही हरकत नाही. ग्लेब त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होता. त्याच्या मांडीवर टोपी होती आणि तो टोपीकडे बघत होता.

अकुलिनाआजी उभी राहिली. तिला दात नव्हते, आवाज मात्र होता. "ऑगस्टमध्ये मेंढ्या मोजल्या होय? मग जानेवारीत या आणि डास मोजा! लिहा, ऊरक्चानला डास नाहीत. आम्ही पण सही करतो!"

सगळा क्लब हसला. जिल्ह्याचा माणूसही हसला. मग त्याने कागद उलटा करून दाखवला. "आजी, सही तुमच्याच माणसाची आहे. तारबुकिन."

हसू थांबलं. लोक वळून मामाकडे बघू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "प्रोकोपी, बोल ना! जीभ डोंगराला चिकटली का?"

दिलेल्या गोष्टीचं काय झालं हे देणारा विचारत नाही. माझ्या आयुष्यात मी कुणाला विचारताना पाहिलं नव्हतं. मामा उठला आणि पुढच्या बाकाला धरून उभा राहिला.

"ग्लेब, जूनची वही कुठे आहे?"

"प्रोकोपी स्तेपानोविच, त्या माझ्या स्वतःसाठीच्या नोंदी होत्या. अहवालाला दिलेली तारीख..."

"त्रेचाळीस होत्या. तूच मोजल्यास. मी नुसता शेजारी पडलो होतो."

ग्लेबने मांडीवरची टोपी उलटी केली.

"मग जे दिलं होतं, ते मी परत मागतो."

जिल्ह्याच्या माणसाने चिटणिसाला विचारलं, "कुठलं सामान? यादीत आहे का?" म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. अकुलिनाआजीने डोळे मिटले. क्लबात त्या वाक्याची लाज कळणारे आम्ही सत्तर जण होतो, आणि एकाहत्तरावा ग्लेब. त्यालाही ती कळली. ते सगळ्यात वाईट होतं.

"आता ते माझ्या हातात नाही," तो म्हणाला.

"वाटलं नाहीस तू," मामा म्हणाला. "सगळं एकालाच दिलंस."

आणि तो बाहेर गेला. थंडी उणे अठ्ठेचाळीस होती. हातमोजे बाकावरच राहिले होते. ते मी नेऊन दिले.

मामाने लाज सोडली, तर ती फुकट जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलं. हिवाळाभर मी पत्रं लिहिली. ग्लेबच्या संस्थेला, तिच्या वरच्यांना, त्यांच्याही वरच्यांना. सोबत सभेला बसलेल्या सगळ्यांच्या सह्या आणि चौकीतल्या पंधरा वर्षांच्या जूनच्या हवेच्या नोंदी. आठव्या पत्राला उत्तर आलं. रिम्मा नावाची एक प्राणिशास्त्रज्ञ जूनमध्ये येईल आणि स्वतः मोजेल. मेंढ्या दिसल्या तर काम थांबवून दरी राखीव करण्याचा विचार होईल.

मी पत्र घेऊन मामाच्या घरी धावले. मामी पीठ मळत होती. "तो दरीत गेलाय," ती म्हणाली. "अकरा दिवस झाले. माझा लाल रुमाल पण घेऊन गेलाय, म्हातारा. विचारलं तर म्हणतो, जत्रा आहे."

रिम्मा तीन दिवसांनी आली. उंच, शांत, खांद्यावर दुर्बीण. वाटाड्या म्हणून मीच तिच्यासोबत निघाले. दोन दिवस चाललो. ती मला प्रत्येक शेणाचं, प्रत्येक पावलाचं वय सांगायची आणि ते बरोबर असायचं. मला ती फार आवडली.

ड्रिलवाले शेवटच्या बर्फावरून साखळीच्या गाड्या घेऊन आधीच पोचले होते. नऊ जण. कड्याखालीच त्यांचे तंबू होते, आणि एका तंबूमागे दोरीवर मेंढ्यांची कातडी वाळत होती. मी चार मोजली.

मामा आम्हाला वरच्या धारेवर भेटला, जिथून मेंढ्यांची वाट खाली उतरते. एका हातात काठीला बांधलेला लाल रुमाल, दुसऱ्यात खडे भरलेला डबा. ओठ फुटलेले. माझ्याकडे बघून तो हसला. "आलीस? बस. माझी नोकरी बघ." तेवढ्यात पलीकडच्या उतारावर सात मेंढ्या दिसल्या. पुढची, म्हातारी, कोकराला मागे ठेवून उतरू लागली. मामा डबा वाजवत, शिव्या देत तिच्या अंगावर धावला. त्या वळून वर गेल्या. कोकरू एकदा घसरलं.

"मामा, हे काय करतोयस?"

"शिकवतोय. इथे यायचं नाही असं शिकवतोय. हट्टी आहेत, रोज येतात."

"ही मोजायला आलीय. खरी मोजणारी. दोन दिवस थांब फक्त. त्या उतरू देत, ही लिहील, आणि ते सगळे निघून जातील."

"दोन दिवसांत खालचे किती मोजतील?" त्याने हनुवटीने तंबू दाखवले. "खोक्यावर बसून मारतात. उठत पण नाहीत."

रिम्मा म्हणाली, "मी त्यांच्याशी बोलते."

"बोला, बाई. त्यांच्या बंदुका इकडे वर घेऊन या, मी खाली बसतो. डबा पण तुम्हाला देतो."

ती खाली गेली. त्यांच्या प्रमुखाने तिला खुर्ची दिली, घट्ट दुधाचा चहा दिला आणि विचारलं, कुठल्या बंदुका? तासाभराने ती हात हलवत परत आली.

संध्याकाळी मी मामाशी भांडले. माझी आठ पत्रं, सगळ्यांच्या सह्या, क्लबातला तो दिवस. "ही वही खरी आहे, मामा!"

"ग्लेबची पण खरी होती. बारा ऑगस्टला तिथे एकही नव्हती."

"तू गावाला फसवतोयस."

"हो," तो म्हणाला.

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही त्याने मेंढ्या हाकलल्या. रिम्मा दुर्बीण लावून खडकावर बसून राहिली. मी तिला विनवलं की जे चाललंय तेच लिहा, हा माणूस हाकलतोय म्हणून त्या येत नाहीत. तिने ते लिहिलंही, शेरा म्हणून, एका ओळीत. पण दरीत उतरलेल्या मेंढ्यांच्या रकान्यात तिने शून्य लिहिलं. मेंढ्यांनी मातीत पाडलेले खळगे जुने आहेत असं लिहिलं. "ग्रूशा, मी जे पाहिलं नाही ते कसं लिहू?" ती म्हणाली. मी जन्मभर पाऱ्याबद्दल हेच म्हणत आले होते.

रकान्यातला आकडा वरपर्यंत पोचला. शेरा कुठे राहिला, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी कडा अर्धा कापला गेला. गावाने मामाला काही म्हटलं नाही. त्याचं मांसही घेतलं, आपलंही दिलं. दोन हिवाळे त्याच्याशी बोलले नाही ती मी.

मेंढ्या शिकल्या. आता त्या दरीकडे वळतसुद्धा नाहीत. पण ज्या मला लांबून धारेवर दिसतात त्या काही वाळलेल्या नाहीत. अंग भरलेलं, कोकरं धडधाकट. त्यांना माती कुठेतरी मिळतेच आहे.

एकदा मामा चौकीत आला. म्हातारा झाला होता, चढ चढून दमला होता. मी त्याचे बूट बघितले. शिवणीत पांढरी माती अडकली होती, आणि ती आमच्या दरीची नव्हती. किंचित पिवळसर होती.

"मामा," मी विचारलं, "आता कुठे जातात त्या?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, नंतर टेबलावरच्या वहीकडे.

"लिहिणार नाही," मी म्हणाले. "शप्पथ."

"तू नाही लिहिणार, ग्रूशा, माहीत आहे मला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ होता. मग त्याने बूट ओढून बाकाखाली घेतले आणि चहात साखर किती घालू, असं मी विचारेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. पुढच्या मार्चमध्ये तो गेला. ती जागा मला त्याने शेवटपर्यंत सांगितली नाही.