सतरा नंबरची होडी

फ्रेमच्या दुकानात गेल्यावर लोक काय बघतात? लाकूड बघतात, सोनेरी पट्टी बघतात, काच घासूनपुसून बघतात. पण फोटो आणि लाकूड यांच्यामध्ये तो जाड पुठ्ठा असतो ना, खिडकी कापलेला, ज्याला माउंट म्हणतात, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ताईंचं निम्मं आयुष्य त्या पुठ्ठ्यात गेलं.

ताई म्हणजे दुकानाच्या मालकाची थोरली बहीण. मालक त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. चव्वेचाळीस वर्षांचा गडी, दोन मुलांचा बाप, पण घरात अजून पिंट्याच. पिंट्या पुढे काउंटरवर, ताई मागच्या खोलीत. पिंट्याची जीभ अशी गोड, की आरशाची काच बदलायला आलेला माणूस जाताना तीन फोटो मढवायला टाकून जाई. आणि ते तीन फोटो असे मढवले जात, की तो माणूस पुढच्या वेळी मेहुण्याला घेऊन येई. जीभ पिंट्याची, हात ताईंचा. वीस वर्षं असंच चाललं होतं आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मागच्या खोलीत संगणकावर चालणारं मशीन होतं. पडद्यावर रेघ काढायची, मशीन ती तिरक्या पात्याने पुठ्ठ्यात कापणार आणि कापलेल्या कडेला आतला पांढरा गर दिसून नक्षीला बारीक किनार येणार. मशीनबरोबर आलेल्या नक्ष्या म्हणजे तेच ते बदाम आणि तीच ती फुलं. ताईंना त्यांचा वीट आला होता. म्हणून त्या स्वतःच काढायला लागल्या. सोपं नाही हो ते! वळण फार आवळलं तर पातं वळताना कागद उचकटतो. दोन रेघा फार जवळ आल्या तर मधली पट्टी गळून हातात येते. एका पानाच्या टोकापायी ताईंनी अख्खी दुपार घालवलेली आहे. अशा बेचाळीस नक्ष्या झाल्या. प्रत्येकीला नाव होतं. आईची वेणी, मावशीचा पंखा, पायरीवरची मांजर.

त्रेचाळिसावी होती होडी. पिंट्या सात वर्षांचा असताना महिनाभर अंथरुणाला खिळला होता. तेव्हा ताईंनी त्याच्या उशाशी खिडकीच्या कठड्यावर रोज एक कागदाची होडी करून ठेवली होती, आणि आई रोज सकाळी त्या मोजायची. आई गेल्यावर ताईंनी तिच्या फोटोसाठी माउंट कापलं. खालच्या कडेला पाण्याची एकच लाट, तिच्यावर एकच होडी. ती नक्षी त्यांनी एकदाच कापली. काउंटरमागच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा तो फोटो होता.

मग मशीन बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. तुमच्या नक्ष्या पाठवा, पसंत पडल्या तर आमच्या संग्रहात घेऊ, जिथे जिथे हे मशीन आहे तिथे तिथे त्या काढणाऱ्याच्या नावानिशी जातील. ताईंना रात्रभर झोप नाही. आयुष्यात कधी कशावर नाव आलं नव्हतं बाईंचं, विजेच्या बिलावरसुद्धा नाही.

"फॉर्मबिर्म मी भरतो," पिंट्या म्हणाला. "तुला त्यातलं काही कळायचं नाही."

"होडी नको पाठवूस हं. ती घरची आहे."

"वेडी आहेस का? आईची आहे ती."

महिना गेला, दोन गेले. ताई आडून आडून विचारायच्या. शेवटी पिंट्या चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "नाही गं पसंत पडल्या त्यांना. घरगुती वाटतात म्हणे. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस."

कसं नाही लावून घेणार? ताईंनी मनाला लावून घेतलं. त्यानंतर आठ महिन्यांत त्यांनी एक रेघ नवी काढली नाही. गिऱ्हाइकाला बदाम हवा, घे बदाम. फूल हवं, घे फूल. आपल्याला वाटत होतं तेवढं काही आपल्या हातात नव्हतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि बाईंनी ते खरंही मानलं, हे सगळ्यात वाईट.

एका सोमवारी पिंट्या मागच्या खोलीत आला. "ताई, एक प्रमाणपत्र मढवायचंय. ए-फोर, आडवं. मोठ्या माणसाचं आहे, तुझी सगळ्यात चांगली नक्षी लाव. उद्या अकराला हवं."

"कागद कुठाय?"

"माप दिलं ना?"

आता ताईंचा एक नियम होता. कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय खिडकी कापायची नाही. खिडकी कागदापेक्षा जराशी लहान कापावी लागते, आणि नुसत्या मापावर गेलं तर कुणाची सही पुठ्ठ्याखाली जाते, कुणाचा शिक्का अर्धा. पिंट्याला हा नियम वीस वर्षं माहीत होता. पण माणूस आपल्याच घाईत असला की त्याला बहिणीच्या सवयी आठवत नाहीत. तो बँकेत गेला आणि ताईंनी शिक्का कुठे आहे ते बघायला त्याच्या खणातला लिफाफा उघडला.

शिक्का उजव्या कोपऱ्यात होता. मधोमध पिंट्याचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, झोकदार अक्षरांत. त्रेचाळीस अभिनव नक्ष्यांच्या निर्मितीबद्दल.

ताईंनी ते दोनदा वाचलं. आधी त्यांना नाव नाही टोचलं, आकडा टोचला. दिल्या होत्या बेचाळीस.

कंपनीचा नवा संग्रह येऊन तीन महिने झाले होते, पण तो मशीनवर घ्यायचा राहिला होता. पिंट्यानेच बजावलं होतं, ते अपडेट करू नकोस, मशीन बिघडतं. ताईंनी केलं. मशीनला काही झालं नाही. पडद्यावर एकेक नक्षी उमटत गेली. वेणी, पंखा, मांजर, पण नावं गेलेली, नुसते आकडे. आणि प्रत्येकीखाली पिंट्या. ताई मनात म्हणत होत्या, निदान ती नसू दे. देवा, निदान ती एक नसू दे. सतरा नंबरला होडी होती.

पिंट्या परतला तेव्हा लिफाफा टेबलावर उघडा होता. तो बघून त्याचा चेहरा पडला, पण जीभ काही पडली नाही.

"अगं, एकच नाव चालत होतं त्यांना. दुकानाचा मालक मी..."

"माझं नाव चाललं नसतं?"

"तुला कुठे हौस आहे असल्या गोष्टींची?"

"मागितलं असतंस तर दिलं असतं मी, पिंट्या. या हातांनी लिहून दिलं असतं." ताईंचा आवाज चढला. "पण तू मला सांगितलंस, पसंत पडल्या नाहीत म्हणून! आठ महिने मी हात बांधून बसले. तू रोज समोर बसून चहा प्यायलास आणि केसाने गळा कापलास माझा. आणि होडी? होडी रे?"

"त्यांना ती सगळ्यात आवडली," पिंट्या पुटपुटला. मग मान खाली घालून, "उद्या कंपनीचे साहेब येतायत. फोटो काढणार आहेत. तेवढं कर ना, ताई. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

आता याला काय म्हणावं! माल बहिणीचा, उचलला यानं, आणि वर त्याला चौकटही बहिणीनेच करून द्यायची.

"करते," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेब आले, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस बरोबर. पिंट्या दारापर्यंत गेला, हात मिळवले, हवापाण्याचं बोलला, आणि त्यांना आत घेऊन काउंटरकडे वळला तो तसाच थांबला.

आईच्या खिळ्यावर त्याचं प्रमाणपत्र होतं. आईच्याच चौकटीत, आईच्याच माउंटमध्ये. आईचा फोटोही आडवा, ए-फोरच होता, खिडकी बरोब्बर बसली होती. सही दिसत होती, शिक्का दिसत होता, कुठे केसभर चूक नाही. आईचा हसरा चेहरा जिथे असायचा तिथे पिंट्याचं पूर्ण नाव होतं आणि त्याच्याखाली लाटेवर होडी.

"वा, सतरा नंबर!" साहेब खूश होऊन म्हणाले. "माझी आवडती. मालक, सांगा ना, ही होडी तुम्हाला सुचली कशी?"

ताई मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत कागदात गुंडाळलेला आईचा फोटो. पिंट्याने त्यांच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, हे ताईंना स्पष्ट दिसलं. त्या थांबल्या. एवढं सगळं होऊनही थांबल्या. त्याने एक शब्द बोलावा, नुसता हात ताईंकडे करावा, एवढंच. चुलीत गेलं ते प्रमाणपत्र, त्या सगळं विसरल्या असत्या.

कॅमेरावाल्याने कॅमेरा वर केला.

"सहजच," पिंट्या म्हणाला. "सहजच सुचली."

ताईंनी दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि आईला घेऊन त्या घरी गेल्या.