एकशे अठ्ठेचाळीस

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. ट्रॅफिकला वीस वर्षं नोकरी झाली... ज्या वळणाला लोक ‘तिथं धरतंय’ म्हणतात, तिथं मला दर वेळी दारूची बाटली नाहीतर फुटका हेडलाइटच सापडला. असा माणूस इथं अनुभव लिहायला बसलाय, यावर माझाच अजून विश्वास बसत नाही.

आमच्या कोल्हापूर भागातली म्हाई बाहेरच्यांना सांगायला हवी. गावची जत्रा, घरोघरी मटणाचा बेत. पाहुण्याला जेवल्याशिवाय – आणि ‘घेतल्याशिवाय’ – कोणी सोडत नाही. म्हणून म्हाईदिवशी आमची तपासणी भर दुपारी असते. त्या दिवशी मी आणि सोबतचा कांबळे नेसरीकडच्या रस्त्यावर एका फाट्यावर उभे होतो. तीनचा सुमार. साहेब मागे जीपमध्ये बसलेले.

मोटारसायकलवरून आला तो माझा मेहुणा, संदीप. बायकोचा धाकटा भाऊ. हेल्मेट हँडलला अडकवलेलं, डोळे लाल.

“दाजी, सोडा की. दोनच घेतल्यात.”

“साहेब बघाल्यात मागनं,” मी दबक्या आवाजात म्हणालो.

कायदा मला तोंडपाठ आहे. कलम १८५... शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा, गाडी जप्त, कोर्ट. रोज लोकांना ऐकवतो. पण हा घरचा माणूस! मी दारू तपासायच्या मशीनमध्ये त्याचं नाव घातलं, साहेबांकडे पाठ केली आणि नळीत मीच फुंकलं. मी जन्मात कधी थेंब घेतलेला नाही. शून्य आलं. स्लिप निघाली, ती त्याच्या खिशात कोंबली.

“सावकाश जा रं.”

“व्हय की दाजी!”

चार किलोमीटर पुढे, वैरणीचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेनं चाललेल्या एका बाईला त्यानं उडवलं आणि स्वतः झाडावर आदळला. बाई वाचली, पण तिचा पाय कापावा लागला. संदीप जागच्या जागी गेला.

पंचनाम्यानंतर त्याच्या वस्तूंबरोबर ती स्लिपही घरी आली. माझ्या बायकोनं, सुनीतानं, ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या फोटोमागे ठेवली. भेटायला येईल त्याला दाखवायची. “बघा, शून्य हाय. माझा भाऊ प्यालेला न्हवता. ती बाईच आडवी आली.” मी शेजारी बसून मान हलवायचो. लाज वाटते लिहिताना, पण हलवायचो.

बाराव्यानंतर कामावर गेलो. तपासणी सुरू करण्याआधी मशीन ठीक आहे ना हे बघायला आम्ही स्वतः एकदा फुंकतो. शून्य आलं की काम सुरू. मी फुंकलं.

१४८.

कांबळे हसला. “काय ओ हवालदार, सकाळ सकाळीच?” त्यानं फुंकलं – शून्य. मी पुन्हा फुंकलं – १४८. दुसरं मशीन आणलं, तिथंही १४८. पुढचे चार दिवस हेच, एकानं कमी नाही की जास्त नाही. डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घेतलं, दारूचा मागमूस नाही. कांबळेचं हसणं थांबलं. मग माझ्याऐवजी रोज तोच फुंकायला लागला. मशीन बिघडलंय असं मी मनाला समजावत राहिलो... पण ते फक्त माझ्याच तोंडाला कसं बिघडतं?

अडीच महिन्यांनी संदीपच्या रक्ताचा अहवाल आला. ज्याच्यावर गुन्हा तोच मेलेला, त्यामुळे केस मिटल्यात जमा होती. तो कागद घरी कोणी दाखवलाही नसता. तपासावरच्या ओळखीच्या पोलिसानं तो माझ्या हातात दिला. शंभर मिलिलिटरला १४८ मिलिग्रॅम.

मी तिथंच बाकड्यावर बसलो. जो आकडा जगात कुणालाच ठाऊक नव्हता, तो माझ्या श्वासातून आधीच येत होता... कुठून, ते मला विचारू नका.

त्याच संध्याकाळी सुनीताला सगळं सांगितलं. साहेबांनाही लेखी दिलं, माझी चौकशी चालू आहे. दुसऱ्या दिवशी सुनीता त्या बाईच्या घरी गेली, तिचे दोन्ही हात धरून बराच वेळ बसली. मी अंगणात उभा होतो, आत जायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर मी नळीत फुंकलेलं नाही. कोणी योगायोग म्हणतं, कोणी पोटातल्या ॲसिडचं कारण सांगतं. मला एकही पटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर जरूर सांगा, मला खरंच ऐकायचंय.

मी सगळं सांगितलं त्याच्या तिसऱ्या दिवशी सुनीता मला जेवायला वाढताना, भाकरी हातात तशीच धरून म्हणाली, “तुमी त्याला धरला असता तर मी जन्मात तुमचं तोंड बघितलं नसतं. माझ्या आईनं तुमाला दारात उभं केलं नसतं.” मग भाकरी ताटात ठेवली. “पण भाऊबीजेला जेलाच्या दारात जाऊन का हुईना, त्याला ओवाळलं असतं की ओ...”