आरोपी नसलेला तपास

नोकरीत गुन्हे बरेच पाहिले, पण बडोद्यातली ती एक दुपार अजून मनातून जात नाही. त्या प्रकरणात आरोपीच नव्हता.

मी तेव्हा रावपुऱ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी बसून डायरी तपासत होतो. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आईला घेऊन आली. दहावीतली असेल.

"साहेब, माझ्या मैत्रिणीने मला तिची टेबल टेनिसची बॅट दिली. म्हणाली, तुझीच आता, मला नाही लागणार. आज शाळेत आली नाही. फोनही घरीच आहे." मग रडतच म्हणाली, "कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली होती मी."

बॅट दिली यात पोलिसांचं काय काम, ते मला कळेना. तरी बेपत्ता म्हणून नोंद केली आणि त्या मैत्रिणीच्या आईवडिलांना हरणीतल्या घरून बोलावून घेतलं. वडील कोयलीच्या रिफायनरीत कामाला, ड्यूटीवरून तसेच आले. मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. मारलं का? रागावलात का? कोणी मुलगा? प्रत्येकाला उत्तर एकच, नाही.

"मार्क चांगले आहेत साहेब. कशाला कमी नाही," वडील पुन्हापुन्हा सांगत होते. आई हळूच म्हणाली, "दोन महिने नीट जेवत नाही. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन."

खेळ सुटल्याचं मैत्रिणीला माहीत, जेवण सुटल्याचं आईला. दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नव्हतं. आणि मी अजून भांडण शोधत होतो.

शेवटी मैत्रिणीलाच विचारलं, ती कुठे जाऊन बसते? ती म्हणाली, "आमच्या जुन्या शाळेसमोर. तिथे बरं वाटतं म्हणते."

हरवलेली मुलगी तिथेच पायरीवर बसलेली सापडली. मी 'का गं, असं का?' म्हणणार, तोच आमची महिला कॉन्स्टेबल तिच्याशेजारी बसली आणि तिने सरळ विचारलं, "बेटा, मरायचे विचार येतात का?"

मी चरकलो. नसलेला विचार डोक्यात घालतेय की काय ही! पण मुलीने तिच्याकडे वळून होकारार्थी मान हलवली. "येतात. कोणी विचारलंच नाही."

तिला सरकारी दवाखान्यात मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. वडिलांनी विचारलं, "साहेब, केस होईल?" मी म्हटलं, नाही. "मग कारण काय?" डॉक्टर म्हणाले, एकच कारण असतंच असं नाही, सध्या एकटं सोडू नका, रागावू नका, उपचार मध्येच थांबवू नका.

माझं समाधान झालं नाही. कारण न सापडलेला तपास मला अर्धवटच वाटे.

मैत्रीण मात्र धास्तावली होती. शपथ मोडली म्हणून ती मुलगी महिनाभर तिच्याशी बोलली नाही. पुढे बोलू लागली.

निवृत्तीनंतर एकदा बाजारात मला बघून त्या पायरीवरच्या मुलीनेच स्कूटर थांबवली. "केम छो काका?" आता कॉलेजात होती. 'का' हा प्रश्न पुन्हा ओठांवर आला. तो गिळून मी विचारलं, "कशी आहेस? खरं सांग."

"कधीकधी वाईट दिवस येतात काका. तेव्हा आईला सांगते. ती हातातलं काम टाकून जवळ बसते."

त्या 'का'चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. एवढंच कळलं, की मुलं शोधायला पोलीस लागण्याआधी घरातल्या कोणीतरी त्या कॉन्स्टेबलसारखा सरळ प्रश्न विचारायला हवा, आणि उत्तर ऐकून घाबरून उठून जाऊ नये.