दुमडलेलं पान

आर्डिथ मलिन्सनं आयुष्यात कवितांची दोन पुस्तकं लिहिली आणि चार-पाचशे माणसांना लिहायला शिकवलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या कोळशाच्या खोऱ्यात पुस्तकाचं दुकानच नव्हतं, त्यामुळे पुस्तकांचं कुणाला कौतुक नव्हतं. "मलिन्सांची पोरगी कविता करते म्हणे," असं लोक म्हणत, तेही तिला दमा असल्यासारखं.

दर शनिवारी सकाळी कामगार संघटनेच्या हॉलमध्ये ती मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायची. आठवडाभर वहीत लिहायचं आणि वही तिच्याकडे द्यायची. जे तिनं वाचू नये असं वाटेल ते पान दुमडायचं. दुमडलेलं पान ती कधीच वाचत नसे. याला कारण होतं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या शिक्षिकेनं तिची वही भर वर्गात वाचून दाखवली होती. बाप पिऊन आल्यावर घरात काय होतं ते सगळं त्यात होतं. पोरं हसली, आणि घरी बापानं पट्टा काढला. त्या बाईला आर्डिथनं कधी माफ केलं नाही. आर्डिथचं चुकलं असं मीही म्हणणार नाही.

हॉबर्ट टॅकेट वर्गात आला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. खाणीत कोळसा कापायच्या यंत्रावर असायचा. अंघोळ करून आला तरी पापण्यांच्या कडा काळ्याच.

"बाई, यमक नाही जुळलं तर चालतं का?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"चालतं की."

"मग शाळेत तुम्हा मास्तर लोकांनी आमचा एवढा जीव कशाला खाल्ला?"

सगळा हॉल हसला. आर्डिथही हसली. हा गडी लिहिणार, हे तिनं तेव्हाच ओळखलं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी वही देताना तो घुटमळला. "या खेपेला जरा नीट बघा, बाई."

ती घरी नीटच बघत बसली. त्याच्या म्हाताऱ्या शिकारी कुत्र्यावर दोन पानांची कविता होती, आजवरची सगळ्यात चांगली. पुढचं पान दुमडलेलं होतं, घडीवरून नखही फिरवलेलं. कवितेखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'शेवटची ओळ काढून टाक.' आणि वही मिटली. पुढच्या शनिवारी हॉबर्टला जादा पाळी लागली, तो आला नाही. त्यानंतरच्या बुधवारी, सकाळी दहाच्या सुमारास, खाणीत स्फोट झाला. नऊ माणसं गेली. हॉबर्ट त्यांतलाच एक.

वही तीन दिवस टेबलावर पडून होती. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा की पाळायचा, हे तिला ठरवता येईना. शेवटी वही त्याच्या बायकोची, असं म्हणून तिनं ती उचलली आणि नेल्डा टॅकेटचं घर गाठलं. स्वयंपाकघरात शेजारणींनी आणलेली भांडी मांडलेली होती, प्रत्येकाच्या बुडाला नावाची चिकटपट्टी. एकाही भांड्याला कुणी हात लावला नव्हता.

"तुम्हीच वाचा," नेल्डा म्हणाली. "मला त्याचं अक्षर बघवत नाही."

आर्डिथनं घडी उलगडली आणि मोठ्यानं वाचलं.

'बाई, ही कविता नाही. आमचा मुकादम वायू मोजायच्या यंत्रावर प्लास्टिकची पिशवी बांधायला लावतो, म्हणजे वायू वाढला तरी कापायचं यंत्र बंद पडत नाही आणि काम थांबत नाही. मी बोललो तर उद्या घरी बसेन. तुमचं नाव आहे, तुमचं पत्र सरकारी तपासनीस वाचतील. पान दुमडलंय ते वर्गातल्या गड्यांनी बघू नये म्हणून, त्यांतला एक मुकादमाचा मेव्हणा आहे. तुम्ही वाचालच. मास्तर लोक वाचतातच.'



"हे तुमच्याकडे कधीपासून होतं?" नेल्डानं विचारलं.

"स्फोटाच्या आधी अकरा दिवस."

"आणि वाचलं नाहीत?"

"दुमडलेलं होतं गं."

नेल्डा तिच्याकडे बघत राहिली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "अहो बाई," ती म्हणाली, "कागदच होता ना तो?"

सरकारी चौकशीत आर्डिथनं ते पान पुन्हा वाचून दाखवलं आणि अकरा दिवसांचंही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. मुकादमाची नोकरी गेली. कंपनीनं खाणीचं नाव बदललं. खोऱ्यात कुणी तिला वेडंवाकडं बोललं नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

जानेवारीत तिनं वर्ग पुन्हा सुरू केला. फळ्यासमोर उभी राहून म्हणाली, "यापुढे दुमडलेलं पानही मी वाचणार. सगळं वाचणार."

माणसांनी माना डोलावल्या. पुढच्या शनिवारी सगळ्या वह्या आल्या. एकही पान दुमडलेलं नव्हतं. कुणी बर्फावर लिहिलं होतं, कुणी हरणावर, कुणी आजीच्या गोधडीवर. पुढं सहा वर्षं तिनं तो वर्ग चालवला, आणि त्या सहा वर्षांत खाणीबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही.