पैलवानाला घेऊन भीमेपलीकडं

पुण्याच्या कॉलेजातली बाई आधी आली, तिचे सर मागून. बाईच्या खांद्याला थर्मास, हातात सुयांची पेटी. शेजारची गजरा ओरडत सुटली, "नसबंदीवाली आली!" झालं, आळीतले सगळे गडी ज्वारीत. माझा थोरला, तीन लेकरांचा बाप, तो सगळ्यांच्या पुढं. बाई बिचारी म्हणते, "आजी, आम्हाला तित्तराचं रक्त हवंय." माणसाचं नको, हे कळल्यावर तासाभरानं एकेक जण डोकं झाडत बाहेर आला.

तित्तर माझ्याकडं होता, पैलवान. आमच्या यांनी अंडं कोंबडीखाली उबवून वाढवलेला. पिंजऱ्यातून तो ओरडला की रानातले नर भांडायला धावतात आणि भोवतीच्या फाशांत अडकतात. हे जाऊन दोन वर्षं झाली, पण सकाळी पैलवान ओरडला की वाटायचं, हे अंगणातच आहेत.

सर म्हणाले, "भीमेच्या अलीकडची तित्तरं झाली. पलीकडची हवीत. पैलवान द्या, परत आणून देतो."

"त्यो एकटा जायचा न्हाय. मी बी येनार."

खरं सांगते, पलीकडं माझी सुली दिलेली. तिची पोर पाच महिन्यांची झाली, तरी मी तोंड पाहिलं नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर कुर्डुवाडीहून टेंभुर्णीची पहिलीच एस.टी. धरा, नंतरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. स्टँडवरची भजी समोर तळली तरच खा. पुढं बैलगाडी, मग नाव. नावाडी माणशी चार आणे घेतो. माझ्याकडं पिंजऱ्याचेही मागत होता.

नावेत मी विचारलं, "दोनी काठाला तित्तरंच की. मग येवढा खटाटोप कशाला?"

सर म्हणाले, "तित्तर फार लांब उडत नाही, आजी. मधे रुंद पाणी असलं की दोन्हीकडच्यांची सोयरीक तुटते. दिसायला सारखीच राहतात, पण पिढ्यान्‌पिढ्या गेल्या की रक्तात फरक पडतो. तो किती, ते बघायचंय."

नावाडी वल्हं मारता मारता म्हणाला, "औंदा धरन भरलं की हितनं पल्याडचा काठ बी दिसायचा न्हाय. माजी नाव बंद."

सुलीचं गाव उठणार, हे ठाऊक होतं. कुठं बसवणार, ते कुणी सांगत नव्हतं.

पण नात! काय सांगू, हसली की गालाला खळी, अगदी यांच्यासारखी. माझं बोट धरलं ते सोडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवानानं ओरडून माळावरचे तीन नर फाशांत आणले. सरांनी एकेकाला कापडी पिशवीत घालून वजन केलं, ताडून बघायला पैलवानाचंही. त्याचंही रक्त घ्यायचं, म्हणून तोही पिशवीतच. चार पिशव्या पडवीत खुंटीला टांगल्या. रक्त ठेवायला बर्फ हवा, थर्मासातला वितळलेला. दोघं टेंभुर्णीला निघाले. "आजी, लक्ष ठेवा."

मी नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालत बसले. तेल, हळद, ऊन ऊन पाणी. तिच्या खळीत मी एवढी रमले, की मसाल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

विहीणबाई चुलीपुढनं हसत म्हणाल्या, "पुन्याची मानसं, आन् घरात डाळ बी न्हाय. बरं झालं, शिकार घावली."

"किती केलीत?"

"चार पिशव्या, चार."

"एक माजा व्हता, विहीनबाई."

त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. "आगं बाई! मला काय ठावं? सगळी सारकीच की वो."

दिवस कलता सर बर्फ घेऊन आले. ऐकून उंबऱ्यावरच बसले. निदान पिसं तरी नेऊ म्हणत बाई उकिरड्यावर वाकून ती वेचायला लागली. मला म्हणाली, "आजी, यातली पैलवानाची कुठली?"

रोज याच हातांनी दाणे घातले होते. मला ओळखता येईना.

येताना नावेत रिकामा पिंजरा मांडीवर होता. आता सकाळी अंगण गप्प असतं. हाताला नातीच्या तेलाचा वास होता, तोही दोन दिवसांत गेला.

पलीकडची तित्तरं पुन्हा धरायला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, असं सर आणि बाई कबूल करून गेलेत. नावाडी म्हणतो, तोवर धरण भरलेलं असेल.