अब्बांचं पान

"आज आपल्या अब्बांचं काय केलंय, बघा जरा," खुर्चीत बसायच्या आधीच सर विचारायचे. दवाखान्यातल्या माणसाची तब्येत विचारावी तसं. अब्बा म्हणजे त्यांचे वडील, जाऊन पुष्कळ वर्षं झालेले. औरंगपुऱ्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात लोक लग्नपत्रिका घेऊन येतात. गणित शिकवून निवृत्त झालेले हे सर रोज सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर वडिलांची खबर घ्यायला येत.

अब्बा करमाडकडच्या एका गावात मास्तर होते. गावानं वर्गणी काढून शाळेच्या कमानीवर त्यांचं नाव घातलं होतं. पुढं इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात, जिथं कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं, त्या गावाचं पान झालं. त्यात कुणीतरी लिहून टाकलं की हे मास्तर निजामाच्या काळात रझाकार होते. मराठवाड्यात हा शब्द किती जड आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

सरांनी ती ओळ खोडली. संध्याकाळी ती परत आली. सरांनी लिहिलं, 'हे खोटं आहे. मी त्यांचा मुलगा आहे.' उत्तर आलं की मुलगा आहात म्हणजे तुमचा हितसंबंध आहे, तुम्ही लिहू नये, संदर्भ द्या.

"म्हणजे बघा भाऊ," सर म्हणाले, "ओळखत नाही त्यानं लिहायचं आणि ओळखतो त्यानं गप बसायचं." आम्ही दोघंही हसलो. तेव्हा अजून हसू येत होतं.

मग एका साप्ताहिकानं त्या पानावरूनच उचलून लेख छापला, आणि त्या ओळीखाली संदर्भ म्हणून तोच लेख लागला. माझं डोकंच फिरलं. आता कुणाशी भांडायचं? तोवर गावात कमानीवरचं नाव काढा म्हणून मागणी सुरू झाली होती.

दुसऱ्या बाजूचेही आले. एका पक्षाचा कार्यकर्ता माझ्या दुकानातच म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. आपण त्यांना स्वातंत्र्यसैनिक करून टाकू. लेखपण छापून आणतो."

"अब्बा सैनिक नव्हते हो," सर म्हणाले. "पाढे शिकवायचे."

मी सरांवर चिडलो. म्हटलं, होऊ द्या की, कमान तरी वाचेल. ते "नको" एवढंच बोलले आणि चष्मा पुसत बसले.

ग्रामसभेला मी त्यांना माझ्या गाडीवर घेऊन गेलो. एका तरुणानं मोबाईलवरून ते पान वाचून दाखवलं. सर उठले आणि पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर त्यांनी हात जोडले. त्याला अब्बांनी स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं होतं. "काका, तुम्ही सांगा. तुम्ही बघितलंय त्यांना."

म्हाताऱ्यानं टोपी काढली, परत घातली. "मास्तर लई चांगले होते. पोरावानी ठिवलं मला. पर मोबाईलमदी आलंय, छापून बी आलंय म्हणल्यावर आपुन काय बोलावं? म्या त्यांच्या घरी जायच्या आधीचं आपल्याला तरी काय ठावं?"

नाव काढायचं ठरलं.

त्यानंतर ते एकदाच दुकानात आले. पान उघडू का विचारलं, तर नको म्हणाले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, माझा जन्म निजाम गेल्यानंतरचा. त्या आधीचे अब्बा मी कुठं बघितले? एवढे लोक म्हणतात, तर असेल का काही?"

"काहीतरीच काय बोलता सर," मी म्हटलं. पण मलाही खरं कुठं माहीत होतं? ते त्यांना माझ्या आवाजात कळलं असावं. ते उठले आणि रस्ता ओलांडून गेले.

त्याच वर्षी सर वारले. मी दफनाला गेलो होतो. त्यांची मुलगी सांगत होती, शेवटी शेवटी घरात आजोबांचा विषय निघाला की अब्बू, म्हणजे सर, उठून आतल्या खोलीत जायचे. त्या पानावर ती ओळ कधी असते, कधी नसते. मला आता त्याचं काही वाटत नाही. बापाविषयी संशय मनात घेऊन तो माणूस गेला, हे मात्र मला सहन होत नाही.