किसणीच्या जोरावर मिळालेल्या दुपारी

शोभाकाकू अमेरिकेत, पार्सिपनीला आल्या त्या कायमच्या. नागपूरचा फ्लॅट विकला, भांडीकुंडी बहिणींत वाटली, आणि दोन बॅगा घेऊन आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये उतरल्या. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. एकुलत्या एका मुलाने, सिद्धेशने, फोनवर त्यांना सांगितलं होतं, "आई, तू आलीस की अनिका शाळेतून थेट घरी येईल, तुझ्याजवळ. शाळेनंतरचं आफ्टरकेअर, ते पाळणाघर, बंद." अनिका त्यांची नात, दुसरीत जाणारी. या एका वाक्यावर काकूंनी घर मोडलं.

पण पोचल्या त्याच आठवड्यात त्यांनी हिंगाची फोडणी घातली आणि धुराचा अलार्म वाजला. राधिका, त्यांची सून, वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती, ती धावत खाली आली. पंखा लाव, खिडक्या उघड, टॉवेल हलव. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना सिद्धेशने आपला कोट हुंगला आणि गाडीत मागे टाकला. मग इंडक्शनचं झालं. काकूंच्या सुरकुतलेल्या बोटांना ती काचेवरची बटणं दादच देत नव्हती, आणि एकदा दिली ती नेमकी फुल्लवर. तेलाचा पॅन भडकला. कुणाला इजा झाली नाही. पण संध्याकाळी राधिका म्हणाली, "आई, आम्ही घरात नसताना किंवा कॉलवर असताना तुम्ही स्टोव्ह नका लावू. प्लीज." राधिका वाईट मुलगी नाही. हे सगळं ती हळू आवाजात, काकूंच्या हातावर हात ठेवून बोलली. अनिकाचं आफ्टरकेअर मात्र चालूच राहिलं. "जरा सेटल होऊ दे आईंना," असं ठरलं.

काकू मला म्हणाल्या, "सेटल म्हणजे काय गं? मी काय चहाची पावडर आहे, तळाशी बसायला?"

त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. बॅगेतून त्यांनी एक जुनी, लोखंडी पत्र्याची किसणी आणली होती. अर्ध्या भागात मोठी भोकं, अर्ध्यात बारीक दात. ती बघून राधिका हसली होती. "आई, आपल्याकडे चीज ग्रेटर आहे की."

"चीज किसायला वेगळी किसणी? मग बाकीचं कशानं किसता?"

"बाकीचं काय किसायचं असतं?"

हे बाकीचं काय, ते काकूंनी पुढचा हिवाळाभर दाखवलं. आच बंद होती, पण किसणीला आच लागत नाही. फ्रीझरमधलं दगड झालेलं आलं त्या तसंच सालीसकट किसून चहात टाकत. थंडीत कडक झालेलं बटर किसून टोस्टवर पसरत, म्हणजे ब्रेड फाटत नसे. टोस्ट करपला तर करपलेला भाग बारीक दातांवर अलगद घासून काढत. सिद्धेश तो फेकायला निघे, तेवढ्यात काकू हात पुढे करत. शिळ्या ब्रेडचा चुरा, लिंबाची साल, कॉफीवर जायफळ. बाथरूममधले साबणाचे उरलेले तुकडे किसून गरम पाण्यात ढवळले की बाटलीभर हात धुवायचा साबण. दिवाळीला त्यांनी अनिकाचे ड्राइव्हवेवर रेघा मारायचे जाडे रंगीत खडू जुन्या झाकणावर किसले, मिठात कालवले, आणि दारात रांगोळी घातली. आमच्या अख्ख्या ओळीत तेवढ्याच एका दारात रंग होता. समोरची अमेरिकन बाई थांबून फोटो काढून गेली.

एकदा बटाट्याचा कीस डेकवर वाळत घातला, तो खारींनी नेला. "खाऊ दे," काकू म्हणाल्या. "या घरात कुणी तरी माझ्या हातचं पोटभर खाल्लं."

बोलणं असं, पण नजर राधिकेवर असे. तिच्या लक्षात येतंय का, ती कुणाला सांगते का. आणि तिने सांगितलंही. मार्चमध्ये एका वाढदिवसाला ती मैत्रिणींना म्हणाली, "अगं, आमच्या आईंनी स्टोव्ह न लावता आठ जणांचं जेवण केलं. काकडी, गाजर, बीट, नुसती किसणी!" मी काकूंकडे पाहिलं. त्या ताटल्या आवरत होत्या आणि कान तिकडे होते.

स्प्रिंग ब्रेक संपला तसं सिद्धेशने विचारलं, "आई, अनिकाला दुपारी तुझ्याकडे ठेवून बघायचं का? शाळा सुटेपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत. राधिका वर असतेच. स्टोव्ह नाही लावायचा, बस. नीट झालं तर सप्टेंबरपासून आफ्टरकेअर कॅन्सल करू."

काकूंनी त्या दिवशी मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तीच बातमी.

त्या दुपारी मी पाहिल्या आहेत. अनिका दप्तर टाकून ओट्याशी स्टूल ओढायची. काकू सकाळीच आमरसाचा डबा फोडून तो स्टीलच्या वाटीत गोठवून ठेवत. मग ती पिवळी ढेप फडक्यात धरून किसणीवर खसाखसा, आणि खाली काचेच्या बोलमध्ये आंब्याचा बर्फ. कधी संत्र्याचा, कधी कोकमाचा. अनिका त्याला यलो स्नो म्हणायची. आजीशी बोलायची इंग्रजीतच, पण हळूहळू तिच्या तोंडून "अजून", "पुरे", "आजी, बोटं सांभाळ" असे शब्द यायला लागले. हे शेवटचं तर काकूंच्याच सुरात. शेजारची हेली, अनिकाच्या वर्गातली, तीही येऊ लागली. हेलीला बदाम, अक्रोड, काजू चालत नाहीत, तिच्या बॅगेत अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन असतं, हे राधिकेने काकूंना चार वेळा बजावलं. काकूंनी दाण्याच्या कुटाचा डबासुद्धा बेसमेंटमध्ये नेऊन ठेवला. "दाणेही नकोत. उगाच कशाला जिवाशी खेळ?" काकडीची कोशिंबीर कुटाशिवाय म्हणजे त्यांच्या दृष्टीने आजाऱ्याचं जेवण, पण तीही त्यांनी तशीच करायला सुरुवात केली.

मे महिन्यातल्या त्या दिवशी दोघी मुलींनी आंब्याचा बर्फ खाल्ला. काकू बोल विसळत होत्या. मागे वळून पाहिलं तर हेली ओठ खाजवत होती. ओठ सुजले होते, मानेवर लाल गांध्या. काकू जिन्याने वर धावल्या. राधिकेच्या दाराला पाटी होती, मीटिंगमध्ये असताना ती लावत असे, आणि पाटी असली की दार उघडायचं नाही, हा घरातला नियम. काकूंनी दार उघडलं नाही, ढकललंच. राधिकेने इंजेक्शन दिलं, अँब्युलन्स बोलावली, हेलीच्या आईला फोन केला. संध्याकाळपर्यंत हेली घरी आली, टीव्ही बघत बसली. मी भेटून आले, चांगली होती.

रात्रीच्या जेवणाला सिद्धेशने कचऱ्यातून आमरसाचा डबा काढला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचली. ज्या कारखान्यात हा भरला जातो तिथे नट्सही हाताळतात, असं त्यावर छापलेलं. "हे बघ," तो म्हणाला. "डब्याचा दोष. आई, तू काय करणार याला?" राधिकेनेही सुस्कारा टाकला. "हो, मीच लेबल वाचायला हवं होतं. आई, तुम्ही बरोबर वेळेला आलात वर." विषय मिटला होता. काकूंनी फक्त गप्प राहून भातात ताक कालवायचं होतं.

पण सकाळी दूध गरम झाल्यावर त्यांनी सवयीने ड्रॉवर उघडला, किसणी काढली, आणि हात तिथेच थांबला. रोज सकाळी अनिकाच्या दुधात त्या याच किसणीच्या बारीक दातांवर दोन बदाम किसत. ओलं काही किसलं की किसणी धुवायची, लगेच कोरडी पुसायची. सुकं किसलं, खोबरं, जायफळ, बदाम, तर ओट्यावर दोनदा ठोकायची, फडकं फिरवायचं आणि ठेवून द्यायची. उगाच पाणी लागलं तर दात गंजतात. त्यांच्या आईने हेच केलं, त्यांनीही आयुष्यभर हेच केलं. कुटाचा डबा बेसमेंटमध्ये गेला, पण बदामाची पूड दातांत अडकून तिथेच होती, आणि दुपारी आंब्याच्या ढेपेने ती निघाली. आदल्या दिवशी मोठी भोकं बर्फाने भरून गेली म्हणून त्यांनी किसणी उलटी धरली होती, बारीक बाजूने.

"मला सांग, तू काय केलं असतंस?" त्या नंतर मला म्हणाल्या. माझ्या मनात आलं होतं की डब्यावर छापलेलं तर होतंच ना.

त्यांनी नाश्त्याच्या टेबलावर सांगितलं. सगळं, बदाम, ठोकणं, फडकं. अनिका सिरियल खायची थांबली.

"आई, तू सांगितलं नसतंस तरी..." सिद्धेश म्हणाला.

"ती पोर उद्या परत येईल ना रे खायला. डब्याचाच दोष समजून तुम्ही दुसरा डबा आणाल, आणि मी परत त्याच किसणीवर किसीन."

"कुणी तुम्हाला दोष देत नाहीये, आई," राधिका म्हणाली.

"मग द्या ना दोष! चार शब्द बोला, रागवा. मी ऐकून घेईन आणि उद्यापासून साबणानं धुवीन. धुतली की झालं!"

पण दोघं रागावले नाहीत. राधिकेने हेलीच्या आईला खरं काय ते कळवलं. तिचं उत्तर फार सभ्य होतं: सांगितल्याबद्दल आभार, तुमच्या सासूबाई किती प्रेमळ आहेत, पण हेली आता तुमच्याकडे खेळायला येऊ शकणार नाही. मग सोसायटीतल्या आणखी दोन आयांनी, ज्यांच्या मुलांना कसलीही अ‍ॅलर्जी नाही, सहज विचारलं की दुपारी मुलांवर लक्ष कोण ठेवतं. सिद्धेशने किसणी झिपलॉकच्या पिशवीत घालून गराजमध्ये ठेवली, टाकली नाही. "तुझी आठवण आहे ना ती," म्हणाला. काकू म्हणाल्या, "आठवण मेल्यावर ठेवतात."

जून उजाडायच्या आत अनिका आफ्टरकेअरमध्ये परत गेली. काकूंनी एकदाच विचारलं, "सप्टेंबरचं काय?" सिद्धेश म्हणाला, "बघू." तो हे म्हणताना फोनकडे बघत होता, आणि तो नागपूरला शाळेत असताना नापास झालेला पेपर लपवायचा तेव्हाही असाच भलतीकडे बघायचा, असं काकूंचं म्हणणं.

शेवटचा प्रयत्न त्यांनी अनिकावर केला. मी तेव्हा कोथिंबिरीची जुडी द्यायला गेले होते. "अनू, तुला आजीकडे आवडतं की तिकडे?"

पोरगी खरं बोलणारी. "आय लाइक यू, आजी. पण हेली तिकडे असते. इथे ती अलाउड नाही."

"मी किसणी धुतली तरी?"

अनिकाने आईकडे पाहिलं. राधिका फ्रीज आवरत होती, तिने मान वर केली नाही. "इट्स ओके, आजी," अनिका म्हणाली आणि तिने आजीच्या हातावर हात ठेवला, अगदी राधिकेसारखा.

आता काकू आठवड्यातले पाच दिवस आपल्या लोकांच्या सीनियर सेंटरला जातात. सिद्धेशनेच शोधलं. तिथे भजन असतं, बिंगो असतो, ब्लड प्रेशर बघतात, गरम जेवण मिळतं. घरी येतात तेव्हा अनिका यायची असते. ती येते तेव्हा तिचं खाणं झालेलं असतं आणि ती दमलेली असते. शनिवारी पोहणं, रविवारी पियानो.

मी एकदा विचारलं, "काकू, जायचं का परत? बहिणी आहेत की तिकडे."

"कुठं जाऊ? माझ्या दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागली. बहिणीकडं पाहुणी म्हणून महिनाभर बरी दिसते मी. इथंही पाहुणीच आहे, पण इथं निदान पोराचं घर म्हणता येतं."

सकाळी नऊला पांढरी व्हॅन येते. चालवणारा गुजराती आहे, मनाने चांगला; उतरून हात देतो, पट्टा लावून देतो. तो सगळ्याच बायकांना 'बा', म्हणजे आई, म्हणतो. पहिल्या काही दिवसांत काकू त्याला रोज सांगायच्या, "अरे, बा नाही, आजी म्हण. मी आजी आहे." हल्ली सांगत नाहीत.